गाडी एसी, काच उघडी

आबांच्या नव्या ट्रकची पूजा झाली त्या दिवशी काकूंनी समोरच्या काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, कंदी पेढ्यांचा पुडा फोडला आणि मग केबिनमध्ये डोकावून विचारलं, "एसीचा रिमोट कुठाय?" ट्रकच्या एसीला रिमोट नसतो, घुंडी असते, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "एवढे लाख घातले आणि साधा रिमोट दिला न्हाई?"

आबांना रिमोट सोडा, एसीच नको होता. पण त्यांना विचारतो कोण? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा केंद्राचा नियम आहे. मध्यम म्हणजे साडेतीन टनांच्या वरचा, अवजड म्हणजे बारा टनांच्या वरचा. त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंशांत आपले चालक गाड्या हाकतात, त्यांची अवस्था काय होत असेल, हा प्रश्न नितीन गडकरींनी २०२३ च्या जूनमध्ये जाहीरपणे विचारला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अधिसूचना निघाली, आणि आबांनी दिवाळीनंतर बुक केलेली गाडी एसी घेऊनच सांगलीत उतरली.

"ड्रायव्हरला गारवा सायबांनी दिला," आबा म्हणाले, "डिझेल मात्र आबानं घालायचं."

मी आबांचा शेजारी. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. निवृत्त मास्तर म्हणजे न मागता हिशेब करून देणारा माणूस. पुढं जे घडलं त्यात माझा हात आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आबांच्या गाडीवर जो चालक आहे त्याला सगळे मामा म्हणतात. मामा जत तालुक्यातला. उन्हाळा म्हणजे काय हे जतच्या माणसाला सांगायची गरज नसते. गेली अठ्ठावीस वर्षं तो ज्या गाड्या चालवत आला त्यांचं इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि किलिंडर यांच्या मधोमध, घरातल्या थोरल्या आजीसारखं ठाण मांडून बसलेलं असायचं. त्यावर पत्र्याचं बॉनेट आणि बॉनेटवर घोंगडं. घोंगड्यावर सकाळी जेवणाचा डबा ठेवला की दुपारी वाफाळता मिळे. "मायक्रोवेव्ह तुमच्याकडं आत्ता आला सर," मामा मला म्हणाला, "आमी त्याच्यात बसून गाडी चालवत हुतो."

मामाचं खरं दुःख मात्र वेगळंच होतं. आबांच्याकडं एक थंड कंटेनरचीही गाडी आहे. हंगामात ती तासगावहून निर्यातीची द्राक्षं घेऊन न्हावाशेव्याला जाते. मागच्या डब्यात सोनाका जातीचे घड शून्य-एक अंशाच्या गारव्यात पांढऱ्या पेट्यांमध्ये झोपलेले असतात. त्या डब्याला स्वतःचं वेगळं यंत्र, त्या यंत्राला स्वतःचं वेगळं डिझेल, आणि तापमानाची नोंद ठेवणारी वेगळी डबी. पारा दोन अंश वर चढला तर पुण्या-मुंबईहून फोन येतात. पुढच्या केबिनमध्ये पारा बेचाळीस, आणि त्याबद्दल त्या बंदरापर्यंतच्या साडेतीनशेच्या वर किलोमीटरमध्ये एकही फोन येत नाही. मामानं तीन हंगाम ती गाडी चालवली. रात्री ढाब्यावर उतरून तो कंटेनरच्या पत्र्याला पाठ लावून उभा राहायचा. "पुढच्या जल्माला मानूस नको सर," तो म्हणतो, "सोनाकाचा घड व्हायचं. बारक्या मण्याचा असला तरी चालंल."

तेव्हा ट्रकच्या एसीनं किती डिझेल जळतं आणि किती धूर होतो, याची चर्चा सुरू झाली की मला जरा गंमत वाटते. द्राक्षं गार ठेवताना कुणाला धूर आठवला नाही. बेदाण्याला शीतगृह आहे, स्ट्रॉबेरीला आहे. इंग्रज तर उन्हाळा लागला की मुंबई इलाख्याचं अख्खं सरकार, फायली, बटलर, बायकापोरांसह साताऱ्याच्या डोंगरावर, महाबळेश्वरला हलवत. गारव्यासाठी सरकार उचलून नेण्याइतका खर्चिक एसी अजून कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. आणि आमच्या घरचा? २०२० पासून घरगुती एसी चोवीस अंशांवर लावूनच विकले पाहिजेत असा नियम झाला. दुकानदारानं माझ्या बैठकीत एसी चोवीसवर चालू करून दिला, तो जिना उतरेपर्यंत मी वीसवर आणला होता. वातावरणाची काळजी नेमकी मामाच्या केबिनपाशी येऊन थांबावी, यात काहीतरी खास आपलं आहे.

तरी काळजी खोटी नाही. म्हणून मी एप्रिलमध्ये बेदाण्याच्या खेपेबरोबर सांगलीहून पुण्याला निघालो. पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या मागं, मी पुढं, मध्ये किलिंडर पोरगा. मी वहीपेन घेतलं होतं.

पहिली नोंद आष्ट्याच्या आतच झाली. मामानं एसी चालू केला, काचा वर केल्या, केबिन हळूहळू गार व्हायला लागली आणि किलिंडरनं चुना-तंबाखू मळायला घेतली. मळून झाली, थाप मारली, दोघांनी वाटून घेतली. दोन मिनिटं शांततेत गेली. मग मामानं काच खाली केली, मान बाहेर काढली, पिंक टाकली. सगळा गारवा इस्लामपूरच्या दिशेनं उसाच्या फडात निघून गेला. काच वर. परत गारवा जमायला लागला. मग किलिंडरनं त्याच्या बाजूची काच खाली केली.

सांगली ते सातारा या सव्वाशे किलोमीटरांत काच बावीस वेळा उघडली. म्हणजे पावणेसहा किलोमीटरला एकदा. फास्टॅग आल्यापासून तासवडे आणि आणेवाडीच्या टोलनाक्यावरसुद्धा काच उघडावी लागत नाही, पण तंबाखूला अजून फास्टॅग निघालेला नाही. केबिन नीट गार होते की नाही हे तपासायला 'आयएस १४६१८' नावाचं भारतीय मानक आहे. ते लिहिणाऱ्या तज्ज्ञांबद्दल मला आदरच आहे, पण त्यांच्यातला एकही जण आष्टा ते पेठनाका या टप्प्यात ट्रकमध्ये बसला असेल असं वाटत नाही. ट्रकच्या एसीची निम्मी ऊर्जा पत्र्यातून येणाऱ्या उष्णतेशी भांडण्यात जाते असं पुस्तकात असेल. आमच्या भागात भांडण पिंकेशी आहे.

मामाची काच बंद ठेवण्याबद्दल दुसरीही तक्रार होती. "कान बंद झाले वो सर." अठ्ठावीस वर्षं त्यानं गाडी डोळ्यांइतकीच कानांनी चालवली. मागच्या चाकात दगड अडकला की आवाज येतो. हवा कमी झाली की टायर वेगळा बोलतो. गाडी मागं घेताना किलिंडर पत्र्यावर थाप मारून "येऊ दे, येऊ दे" म्हणतो आणि अचानक "बास!" म्हणतो, तो 'बास' काचेबाहेर राहिला तर आत फक्त 'येऊ दे' पोचतं. कऱ्हाडच्या एका हॉटेलाची कुंडी याच कारणानं गेली. कुंडीचे दीडशे रुपये मामानं एसीच्या खात्यावर लिहायला सांगितले, आणि मी लिहिले.

रात्री शिरवळच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी लावली. पुण्याच्या यार्डात पहाटे शिरायचं होतं. जेवलो, वर चढलो, आणि मामानं इंजिन चालूच ठेवलं. ट्रकचा एसी घरच्यासारखा भिंतीतून वीज घेत नाही. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, तर गारवा बंद. म्हणजे दोन-तीन अश्वशक्तीचं काम करायला दीड-दोनशे अश्वशक्तीचं धूड रात्रभर जागं ठेवायचं. एका माणसाच्या चहासाठी लग्नाचा आचारी बोलवावा तसं. माझी वही पुढं सरसावली. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दोन लिटर धरलं तर आठ तासांचे सोळा लिटर. नव्वदच्या भावानं चौदाशे चाळीस रुपये. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे त्रेचाळीस किलो. माझ्या आठवीतल्या पोराएवढा वायू, एका रात्रीत, एका ढाब्यावर, आणि त्या ढाब्यावर तीसेक गाड्या.

"मामा, एवढं उकडत नाही आता. वारा आहे. काच उघडून झोपू या की."

"उकाड्यासाठी कुठं लावलाय?" मामा म्हणाला. "डासासाठी लावलाय."

मी वही मिटली. डास! कोलोरॅडोमध्ये अमेरिकन सरकारच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं ट्रकच्या केबिनवर खास संशोधन केलं, त्याचं नाव 'कूलकॅब'. केबिनच्या भिंतीत उष्णतारोधक थर घाला, काचेला चांगले पडदे लावा, रंग फिका द्या, म्हणजे एसीवरचा भार बराच उतरतो आणि मग रात्री इंजिन बंद ठेवून बॅटरीवरच्या लहान एसीनंसुद्धा भागतं, असा त्यांचा साधारण निष्कर्ष. सगळं खरं. पण शिरवळच्या ओढ्याकाठी खिडकीला दोनशे रुपयांची जाळी लावली असती तरी त्रेचाळीस किलोंचं पोरगं वाचलं असतं.

कूलकॅबचं मला मनापासून पटलं, कारण ते सगळं माझी आजी करत होती. तिला किलोवॅट माहीत नव्हता. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट उष्णता पडते. म्हणजे ट्रकची पुढची काच ही दोन चालू इस्त्र्या ड्रायव्हरच्या तोंडासमोर धरल्यासारखी असते. छताचा पत्रा वेगळाच. आजी पत्र्यावर पाचट टाकायची, माठाला ओलं फडकं गुंडाळायची, मार्चातच पश्चिमेच्या खिडकीला पोतं लावून त्यावर पाणी मारायची. मामाच्या जुन्या गाडीच्या छतावरही ओलं पोतं असे. अहमदाबादेत २०१९ साली एका बाईंनी आपली महागडी मोटार शेणानं सारवून घेतली तेव्हा अख्खा देश हसला. मी कमी हसलो. उष्णता आत येऊ न देणं हे आत आलेली बाहेर हाकलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असतं; पाहुण्यांच्या बाबतीतही.

आता आबांच्या गाडीकडं पाहा. कंपनीतून केबिन पांढरी आली होती. आबांच्या थोरल्यानं छताला काळाकुळकुळीत रंग मारून घेतला, पूजेच्या ड्रोन शूटिंगमध्ये उठून दिसावा म्हणून. वर्षातून एकदा ड्रोन वरून पाहणार. सूर्य रोज पाहतो. आत बसायच्या जागी लाल मखमल, छताला मखमल, आणि मखमलीला झालर. समोर देव, देवापुढं उदबत्ती. काचा बंद करून एसीत उदबत्ती लावली की तीच तीच हवा फिरत राहते आणि दहा मिनिटांत आपणच नैवेद्य झाल्यासारखं वाटतं. मग काच उघडायची. धार्मिक कारणानं उघडलेली काच मी वहीत धरलेली नाही.

सावलीचीही गोष्ट सांगून टाकतो. मिरजेकडून पंढरपूरकडं जाताना भोसे गावाजवळ रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात एक वड आडवा येत होता. लोक त्याचं वय चारशे वर्षं सांगत. २०२० मध्ये तो तोडायची वेळ आली तेव्हा माणसं उभी राहिली, मुंबईहून शब्द गेला, आणि गडकरींच्या खात्यानं वडाऐवजी रस्ता वळवला. एकाच खात्यानं वडही वाचवला आणि ट्रकला एसीही दिला, यात मला विसंगती दिसत नाही. वडाखाली तासभर उभी राहिलेली गाडी आणि उघड्या डांबरावर तासभर भाजलेली गाडी यांच्यात एसीचं अर्ध्या तासाचं काम कमीजास्त होतं, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. पण चौपदरी झाले, सहापदरी झाले, आणि रस्त्याकडेच्या सावल्या पदरांत गेल्या. आता ढाब्यावर पिवळ्या पत्र्याची एक शेड असते, आणि तिच्याखाली ढाबामालकाची मोटार असते.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट लागला. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा आहे, पुण्याकडून येताना मात्र आम्हांला घाट चढावा लागला. पायथ्यालाच मामानं एसी बंद केला. "बैल चढाला लागला की गाडीवानानं उतरायचं असतं." काचा खाली आल्या, वारा आत आला, किलिंडरनं तंबाखू काढली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. सुट्ट्या लागून आल्या होत्या. महाबळेश्वरच्या गार हवेला निघालेल्या मोटारी डाव्या अंगाला बॉनेटं उघडून वाफा सोडत उभ्या होत्या, आणि त्यांतली माणसं दगडांवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. मामा त्यांच्याकडं न बघता वर गेला. इतकं संयमी न बघणं मी नाटकातसुद्धा पाहिलेलं नाही.

सांगलीला पोचल्यावर मी चूक केली. आबांना वही दाखवली. माझा बेत असा होता: छताला परत पांढरा रंग, पुढच्या काचेला उभ्या गाडीत लावायचा चंदेरी पडदा, खिडक्यांना जाळ्या, आणि वर्षातून एकदा पाइपांची गळती तपासणं. या शेवटच्या मुद्द्यावर मी जरा रंगात आलो. एसीत जो वायू असतो, बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, तो हवेत सुटला तर एक किलोमागं तेराशे-चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. आमच्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांनी पाइपचा जोड ढिला होतो, मग गॅरेजवाला उरलेला वायू "फुस्स" करून सोडतो आणि नवा भरतो. सातशे ग्रॅमचं ते एक फुस्स म्हणजे पावणेचारशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. आपल्या देशानं २०२१ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली आहे, त्यानुसार असले वायू पुढच्या काही दशकांत टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आहेत, वगैरे.

आबा किगालीपर्यंत आलेच नाहीत. त्यांचं बोट 'चौदाशे चाळीस' या आकड्यावर थांबलं होतं.

"महिन्याला दहा रात्री धरल्या तर?"

"चौदा हजार चारशे," मी म्हणालो. मास्तरला उत्तर येत असलं की दम धरवत नाही.

दुसऱ्या दिवशी आबांच्या गोदामात गेलो तर भिंतीवरच्या खिळ्याला, देवाच्या तसबिरीखाली, एक काळा पट्टा लटकत होता. कॉम्प्रेसरचा. एसीचं डिझेल शून्य, धूर शून्य. कूलकॅबवाल्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते आबांनी एका पान्यानं केलं होतं. केबिनमध्ये एसी आहे, घुंडी आहे, घुंडीवर निळा दिवाही लागतो. कायद्याचं पोट भरलेलं. मामा काही बोलला नाही. त्यानं फक्त ओलं पोतं परत छतावर टाकलं, त्या काळ्या रंगावर.

मे महिन्यात आबांच्या साडूच्या मुलीचं लग्न पुण्यात निघालं. मोटार नेमकी गॅरेजात होती. "ट्रक चाललाच आहे, मी येतो तुज्याबरोबर," आबा मामाला म्हणाले आणि मलाही वर ओढलं. निघायला अकरा वाजले. आबा नवा झब्बा घालून, फेटा पिशवीत ठेवून, लाल मखमलीवर बसले.

पेठनाक्यापर्यंत ते बोलत होते. कऱ्हाडला बोलणं कमी झालं. उंब्रजला त्यांनी टोपी काढली.

"आबा, एसी लावू काय?" मामानं अत्यंत अदबीनं विचारलं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोयनेकडं पाहत होतो, ती तिथून दिसत नसली तरी. मामानं घुंडी फिरवली. निळा दिवा लागला. जाळीतून इंजिनाजवळची ताजी गरम हवा आबांच्या नव्या झब्ब्यावर आली. मामानं शांतपणे घुंडी आणखी एक घर पुढं फिरवली. हवा वाढली.

सातारा ओलांडल्यावर लिंबफाट्याला आबा म्हणाले, "जरा थांबीव." लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता आम्ही जिना उतरून त्या महालात शिरलो आणि तिघेही न बोलता दगडाला टेकलो. कुठं पट्टा नाही, वायू नाही, घुंडी नाही. आत नुसता ओला, जुना, तीनशे वर्षांचा गारवा. आबांनी झब्ब्याची बटणं काढली, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून मोबाइल काढला. विहिरीत रेंज येत नव्हती म्हणून चार पायऱ्या वर गेले आणि थोरल्याला फोन लावला.

"अरे, गोदामात देवाच्या खाली खिळ्याला एक पट्टा हाय बघ. हां, काळा. संध्याकाळी आपली दुसरी गाडी यायलीय पुण्याला, तिच्यात टाकून दे." मग आवाज जरा खाली आणून, "आणि पांढऱ्या रंगाचा डबा केवढ्याला येतोय इचार."

खाली मामानं तंबाखूची पुडी काढली, महालाकडं पाहिलं, आणि परत खिशात ठेवली.